येळवशीला आणलेला साक्षीदार

अण्णा, माझे वडील, कालपासून शेतात कोप बांधतायत. मागच्या वर्षीच्या कडब्याच्या पेंढ्या एकमेकींना टेकवायच्या, वरून तुरीच्या ओल्या फांद्या खोचायच्या, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे. आमच्या अहमदपूरच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात जाऊन जेवतं. पुस्तकात तिला वेळ अमावस्या म्हणतात, आम्ही येळवस म्हणतो. घरात मायनं मडक्यात आंबील आंबायला ठेवली की त्या आंबट वासानं लहानपणी मला शाळेत बसवत नसे. यंदा तो वास आला आणि पोटात पहिल्यांदा आला तो राग. सणाच्या वासानं राग येणारं गावात दुसरं कुणी असेल असं वाटत नाही.

कोपाच्या तोंडाशी, उन्हात, पोत्यावर ब्रूनो पडलेला आहे. तेरा-चौदा वर्षांचा असेल, नक्की आम्हाला माहीत नाही. तोंड पांढरं झालंय. डोळ्यांत दुधाच्या सायीसारखा पडदा. आता तो उठत नाही. दर दोन-तीन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, नाहीतर हाडाच्या जागी जखम होते. तो आमचा नाही. म्हणजे आता आहे, पण तो आमच्याकडं कसा आला हे सांगायचं तर मला नांदेडच्या त्या घरापासून सुरुवात करावी लागेल, आणि त्या घराबद्दल मी अजून नीट, थंड डोक्यानं लिहू शकत नाही. तरी प्रयत्न करते.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. नांदेडला खोली मिळाली ती एका ऑफिसात नोकरीला असलेल्या घरमालक काकांच्या घरी, मागच्या बाजूला, जिन्याखाली. घरात काका, काकू आणि त्यांची मुलगी सानिका, तेव्हा नववीत. आणि ब्रूनो. पिवळसर रंगाचा, लॅब्रेडॉर जातीचा, जाडजूड. तो हॉलमध्ये पंख्याखाली झोपायचा. मला मात्र पुढच्या दारानं यायला मनाई होती. तशी पाटी नव्हती, काकूंनी पहिल्याच दिवशी हसून सांगितलं होतं, "पूजा, तू मागूनच ये बरं का, तुला जवळ पडतं." एकदा मी डब्यातली अंबाडीची भाजी आणि लसणाची चटणी घेऊन सानिकाजवळ हॉलमध्ये बसले, तर काका म्हणाले, "पायरीवर बस गं जेवायला. वास बसतो पडद्यांना." मी पायरीवर बसले. ब्रूनो येऊन माझ्या भाकरीकडं बघत बसला, आणि मला त्याचा राग आला. हे मला कबूल केलंच पाहिजे. एका कुत्र्याचा मी हेवा करत होते.

त्याचा वाढदिवस करायचे. केक, टोपी, फुगे. मला बोलवायचे, कारण फोटो काढायला कुणीतरी लागायचं. "आमच्या घरचाच माणूस आहे तो," काका पाहुण्यांना सांगायचे. त्या सगळ्या फोटोंत ते चौघं आहेत आणि मी कुठंच नाही, आणि ते सगळे फोटो माझ्या हातचे आहेत.

मी दुसऱ्या वर्षाला गेले तोवर ब्रूनोचं मागचं अंग ढिलं पडायला लागलं. फरशीवर पाय घसरायचे. कधी हॉलमध्येच लघवी व्हायची. काकू नाकाला पदर लावून फिनेल ओतायच्या. मग एका सोमवारी मी कॉलेजातून आले तर पंख्याखालची जागा रिकामी होती. सानिका डोळे सुजवून बसली होती. काका म्हणाले, "मित्राच्या शेतावर ठेवलंय त्याला. मोकळी हवा, भरपूर जागा. मजेत राहील." मला क्षणभर, अगदी क्षणभर, बरं वाटलं. त्या क्षणाची लाज मला आजही वाटते, आणि पुढच्या माझ्या सगळ्या रागात ती मिसळलेली आहे, हे मला माहीत आहे.

सोयाबीनची काढणी चालू होती तेव्हाची गोष्ट. दिवाळीच्या सुट्टीला मी नांदेडहून एसटीनं गावाकडं निघाले होते. लोहा मागं पडलं, पुढं एका ढाब्यावर गाडी चहाला थांबली. टायर पंक्चर काढायच्या टपरीला लागून एक कुत्रं बसलेलं दिसलं. फासळ्या मोजता येत होत्या. कान चिघळलेला. एक पांढरी गाडी येऊन थांबली तसं ते पुढच्या दोन पायांवर जोर देऊन उठलं, गाडीपर्यंत घसटत गेलं, आतल्या माणसांकडं बघितलं आणि परत जागेवर येऊन बसलं. बसण्याची ती पद्धत मला माहीत होती. डावा पाय बाहेर काढून, एका बाजूला कलून. पायरीवर माझ्या शेजारी तो तसाच बसायचा.

काकांची गाडी पांढरी आहे.

चहावाल्याला विचारलं. तो कप विसळत म्हणाला, "बारा दिवस झाले की. गाडीतून उतरिवलं, बिस्कुटाचा पुडा फोडून म्होरं ठिवला अन् गेले. लई शिकल्यालं मानूस दिसत होतं. मी म्हनलं, साहेब, इसरलाव का? तर काच वर केली त्यानं."

कंडक्टरनं घंटी मारली. मी पिशवी घेऊन खाली उतरले ती उतरलेच. कंडक्टर म्हणाला, "ताई, कुत्र्यासाठी गाडी सोडायलीस?" मला तेव्हा कुत्र्याची दया आली असं लिहिलं तर ते चांगलं दिसेल, पण खरं ते नव्हतं. मला वाटलं, सापडलात. काका, तुम्ही सापडलात.

अण्णांना फोन केला. अहमदपूरच्या मोंढ्यात सोयाबीन टाकून एक ओळखीचा टेम्पो रिकामा होता, तो घेऊन अण्णा संध्याकाळच्या आत आले. त्यांनी ब्रूनोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "हे काय शिकायलीस माय तू नांदेडात?" एवढंच म्हणाले आणि पोत्यात गुंडाळून त्याला उचललं.

आमच्याकडं कुत्र्याला घरात घेत नाहीत. भाकरीचा तुकडा अंगणात टाकायचा, ते खातं. अण्णांनी तसाच टाकला. ब्रूनो तुकड्याकडं बघत राहिला, मग अण्णांकडं. भुकेनं जीव चाललेला, पण खाईना. दोन दिवस आम्हाला वाटलं, मरणारच आता. शेवटी मला आठवलं, त्या घरी त्याला स्टीलच्या ताटात वाढायचे. मायचं जुनं ताट आणलं, ताकात भाकरी कुस्करली, आणि तो जिभेनं ताट चाटूनपुसून मोकळा झाला. अण्णा कपाळाला हात लावून बसले. "साहेबाला ताट लागतंय. पाट बी मांडावा का?" त्या दिवसापासून त्याचं नाव साहेब पडलं. अण्णा त्याला मान देऊन बोलतात. "उठलाव का साहेब? चला, परसाकडं जाऊन येऊ." गावातली कुत्री अंगावर यायची म्हणून तो पाय वर न करता मुतेपर्यंत अण्णा काठी घेऊन शेजारी उभे राहायचे.

शेजाऱ्यांची म्हैस अडली होती तेव्हा जनावरांचे डॉक्टर आले. माय त्यांना आमच्या अंगणात घेऊन आली. "ह्याला ना शिंगं, ना दूध. ह्याच्यासाठी बोलिवलंव मला?" ते हसले, पण खाली बसले. कान धुवून दिला, मलम दिलं, कमरेवर हात फिरवला. "कंबर गेलीय. जवान होणार न्हाई. पण नीट बघितलं तर म्हातारपण बरं जाईल." मायनं ते मनावर घेतलं. करडीचं तेल कोमट करून ती रोज त्याच्या मांड्या चोळायची. सारवलेल्या ओट्यावरून तो घसरू नये म्हणून दारापासून गोठ्यापर्यंत पोती अंथरली. तिच्या जुन्या लुगड्याची पट्टी त्याच्या पोटाखालून घालायची आणि मागचा भार आपण उचलायचा, म्हणजे पुढच्या पायांनी तो चालायचा. ही युक्ती तिचीच. आजारी वासराला ती असंच उभं करते.

आणि मी? मी दर शनिवारी यायची, त्याला तेल लावायची, गोचिड्या काढायची, ओलं झालेलं अंग पुसायची. सगळं करायची. पण ते मी साक्षीदार जपल्यासारखं करत होते. त्याचं वजन वाढलं की मला वाटायचं, पुरावा भरतोय. हे असं लिहिताना लेखणी अडते, पण तसंच होतं.

कारण सोमवारी मी परत त्याच घरी जायची. जिन्याखालच्या खोलीत. आणि रोज सकाळी नळावर काकांना विचारायची, "काका, ब्रूनो कसा आहे?" मला त्यांच्याकडून खोटं वदवून घ्यायचं होतं. पहिल्यांदा ते म्हणाले, "मजेत." पुढच्या आठवड्यात म्हणाले, "रोज शेरभर दूध पितो." मग म्हणाले, "विहिरीत पोहतो आता, मित्र सांगत होता." सानिका हे ऐकून हसायची. मी पण हसायची. ज्या कुत्र्याला मी परवाच लुगड्याच्या झोळीत धरून मुतायला नेलं होतं, तो विहिरीत पोहत होता. मी प्रत्येक वाक्य खोलीत जाऊन पुन्हा मनात म्हणायची, विसरू नये म्हणून. अभ्यासातलं एवढं मन लावून मी कधी पाठ केलं नव्हतं.

मग मी त्यांना येळवशीचं बोलावणं दिलं. आमच्याकडं त्या दिवशी शहरातली माणसं ओळखीच्या शेतकऱ्याकडं जातातच, त्यात काही वावगं नव्हतं. काकू म्हणाल्या, "अय्या, भज्जी आणि आंबील? नक्की येऊ." काका म्हणाले, "तुझ्या वडलांना सांग, आम्ही साधं जेवणारी माणसं आहोत."

एक वाक्य मी तयार केलं होतं. ते पंगतीला बसले की ब्रूनोला समोर आणायचं आणि म्हणायचं, "काका, तुमच्या मित्राचं शेत ते हेच का?" बस. पुढचं सानिकानं विचारायचं.

त्या दिवशी ऊन फार सुंदर होतं. हरभऱ्याच्या पानांवर आंब धरलेली, पाय लागला की घोट्याला झोंबायची. ज्वारी डोक्याएवढी. माणसं आंबील शिंपडत शेताला फेरी घालत होती, लांबून आरोळ्या ऐकू येत होत्या. माय चुलीवर भज्जी घोटत होती, तुरीचे, वाटाण्याचे, वालाचे हिरवे दाणे त्यात शिजत होते. पांढरी गाडी बांधाशी येऊन थांबली. काकांनी पाच दगडांना हात जोडले, सानिकानं फोटो काढले. अण्णांनी त्यांना कोपाच्या सावलीत बसवलं. मायनं वाढलं. मी शेतातल्या गोठ्यामागं गेले, ब्रूनोच्या पोटाखाली पट्टी घातली आणि बांधावरून त्याला घेऊन आले.

ठरवलेलं वाक्य मी पूर्ण म्हटलं.

सानिकाचा घास हातातच राहिला. "ब्रूनो?" काकूंनी मान खाली घातली. काकांच्या तोंडात भाकरी होती. ती त्यांनी चावली, गिळली, आणि मग मोठ्यानं हसले. "मग? सांगितलं नव्हतं तुला, शेतावर आहे म्हणून? मजेत आहे म्हणून? बघ आता डोळ्यांनी."

दोन महिने मी त्या माणसाचं खोटं गोळा करत होते, आणि त्या दोन महिन्यांत मायनं, अण्णांनी आणि मी मिळून ते खरं करून ठेवलं होतं. शेत होतं. कुत्रा होता. तेलानं चोळलेलं अंग उन्हात चमकत होतं. आणि ब्रूनोनं काय करावं? पट्टीला हिसका देत तो काकांकडं गेला आणि त्यांची आंबील लागलेली बोटं चाटायला लागला. माझा साक्षीदार फितूर झाला. मला त्यालाही फटका मारावासा वाटला.

मी तोंड उघडलं होतं. ढाबा, बिस्किटाचा पुडा, वर केलेली काच, सगळं ओठावर होतं. मायनं माझ्याकडं बघितलं. येळवशीला आपल्या शेतात जेवायला बसलेल्या माणसाला वाकडं बोलायचं नाही, हे तिनं मला लहानपणी मारून शिकवलंय. "पूजे," ती म्हणाली, "पाव्हण्याच्या ताटात भज्जी वाढ." मी वाढली. माझ्या हातानं त्यांना भज्जी वाढली. त्या पळीचं वजन अजून माझ्या मनगटात आहे.

मग सानिका ब्रूनोच्या गळ्यात पडून म्हणाली, "बाबा, बरा झालाय ना हा. आपण घरी नेऊ या."

आता काका माझ्याकडं बघायला लागले. मी नाही म्हणावं, असं ते डोळ्यांनी मागत होते. मला असं वाटलं, आता हा माणूस सापडला. "न्या की काका," मी म्हणाले. "गाडीत जागा आहे."

"सीट खराब होतील गं," काकू पुटपुटल्या.

"मी मांडीवर घेते," सानिका म्हणाली.

"त्याला आता इथली सवय झालीय बेटा."

"घरची पण होती की, बाबा."

मला फार बरं वाटत होतं. त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हणावं, मला तो नको आहे. एवढंच हवं होतं. मग त्यांनी हात धुतले, किल्ली काढली, आणि माझ्या डोळ्यांत बघत म्हणाले, "ठीक आहे. चला, घेऊ मग."

मला कळलं की हा माणूस खरंच नेईल. नांदेडचा रस्ता लोह्यावरूनच जातो. आज ना उद्या, सानिका शाळेत असताना, ती गाडी पुन्हा कुठंतरी थांबेल, पुन्हा पुडा फुटेल. सानिका गाडीचं दार उघडायला धावली. पट्टीचं टोक माझ्या मुठीत होतं. ब्रूनो शेपूट हलवत होता, त्याला गाडी दिसली असेल, वासही आला असेल.

"नको काका," मी म्हणाले. "राहू द्या इथंच."

"बघ," ते सानिकाला म्हणाले, "ताईलाच करमणार नाही त्याच्याशिवाय." आणि हसले. जाताना त्यांनी हरभऱ्याचे डहाळे नेले, बाटली भरून आंबील नेली.

उन्हं कलताना मी बांधावर बसून रडले. अण्णा शेजारी येऊन बसले. "रडायलीस कशाला? तू हरलीस न्हाई. जित्राब आपल्या दाव्याला हाय न्हवं?"

"मला ते नको होतं अण्णा. मला तो माणूस पाहिजे होता."

अण्णांनी साहेबाकडं बघितलं. मग म्हणाले, "हाव. मला बी." आणि उठून साहेबाला पाणी पाजायला गेले.

त्या उन्हाळ्यात मी खोली सोडली, वसतिगृहात गेले. ब्रूनोनं उन्हाळा निभावला. पोतं ओलं करून आम्ही त्याला लिंबाखाली ठेवायचो. पावसाळ्यात त्याचे पुढचे पायही थांबले. मी सुट्टीला येते, मऊ भात भरवते, डोळे पुसते. कधी कधी आठवडाभर मला काकांची आठवणच येत नाही, आणि मग आठवण आली नाही याचाच राग येतो. माणसं म्हणतात, सोडून द्यावं. कॉलेजातल्या मॅडमही म्हणाल्या होत्या. मी प्रयत्न केला. पण सोडून देणं हा शब्द ऐकला की मला ती वर जाणारी काच दिसते. मला वाटतं, सोडून देणारे ते होते. आम्ही धरून ठेवणारी माणसं आहोत, कुत्रं धरतो तसा रागही धरतो.

आज दुपारी सानिकाचा फोन आला. ती आता अकरावीत आहे. मला वाटलं, येळवशीला येऊ का म्हणून विचारेल.

"पूजाताई, एक विचारू? बाबांचे ते शेतवाले मित्र काल घरी आले होते. मी त्यांना थँक्यू म्हणाले, ब्रूनोला आधी सांभाळलं म्हणून. ते म्हणाले, माझ्याकडं कधी कुत्रंच नव्हतं. मग बाबांनी ब्रूनोला तुमच्याकडं कधी आणलं?"

माय कोपाजवळच्या चुलीपाशी तुरीच्या शेंगा सोलत होती. तिनं ऐकलं. तिनं वर बघितलं नाही, सोलत राहिली. काका आज आमच्या शेतात जेवायला बसलेले नव्हते.

"त्यांनी नाही आणलं," मी म्हणाले. "मी आणलं." आणि मग मी सगळं सांगितलं. हळू, एकेक करून. ढाबा, पुडा, काच. काही वाढवून सांगितलं नाही, वाढवायची गरज नव्हती.

"तो वाट बघत होता?"

"हो. पांढरी गाडी आली की उठायचा."

"किती दिवस?"

"बारा."

मला वाटलं, रडत असेल. पण ती रडत नव्हती. फोन खाली ठेवल्यासारखा खट्ट आवाज झाला, खुर्ची सरकली, आणि मग लांबून, अगदी शांत, मोठ्या बाईसारखा तिचा आवाज आला, "बाबा, इकडे या जरा."

तिनं फोन बंद केला नव्हता. मीही केला नाही. कान आणि खांद्यामध्ये तो घट्ट धरून ठेवला आणि दोन्ही हातांनी ब्रूनोची कूस बदलली.